उत्तरवाहिनी म्हणणार नाही

एका राज्यात चंद्रभंग राजा राज्य करीत होता. वाड्याखालून सोनवी नदी वाहे, उत्तरेच्या डोंगरातून निघून थेट दक्षिणेला. मांत्रिक कालदंड राजाला म्हणाला, "जी नदी वाटेत वळून पुन्हा उगमाकडे, उत्तरेला वाहते, ती उत्तरवाहिनी. तिच्या काठचे सिंहासन कधी हलत नाही."

"सोनवी तर वळत नाही."

"न वळो. आपण प्रजेच्या जिभा वळवू."

दवंडी पिटली. भल्याभल्यांनी माना डोलावून सोनवीला उत्तरवाहिनी म्हटले आणि म्हणताक्षणी आपापले घर विसरले! मूळ ठिकाणाकडे वळणाऱ्या पाण्याचा तो शब्द; खोटा उच्चारणाऱ्याला स्वतःचा उंबरठा ओळखू येईना. घर नसलेली प्रजा सिंहासनापुढे बसून राहिली. राजाला तेच हवे होते.

राजपुत्र इंद्रजयही बापाच्या आज्ञेने तो शब्द बोलला. मग आईच्या दारात येऊन त्याने विचारले, "बाईसाहेब, हे घर कोणाचे?"

राणी कनकावतीच्या पायाखालची जमीन सरकली. रडत ती नदीवर गेली. तिथली टिटवी म्हणाली, "नदी खरोखर वळली तर शाप फिटेल. जी तीनदा नाही म्हणेल, तिच्यासाठीच ती वळेल."

राणीने डोळे पुसले आणि दरबार गाठला.

राजा म्हणाला, "तो शब्द म्हणा, राणीसाहेब. अर्धे राज्य तुमचे."

"ही नदी माझ्या माहेराहून येते, महाराज. माहेराला जात नाही. मी म्हणणार नाही."

तिला तळघरात कोंडले. मांत्रिकाने भिंतींना आग ओकायला लावली. राणीचे केस करपले.

"आता म्हणाल?" राजाने विचारले.

"नाही."

तिसऱ्या वेळी राजाने तिला दरबारात आणवले आणि पोटच्या पोराच्या मानेवर तलवार धरली. असा बाप! राजपुत्र काकुळतीला आला. "बाईसाहेब, एक शब्द तर आहे. म्हणा ना."

राणीचा जीव तिळतिळ तुटला. "बाळा, मीही घर विसरले तर तुला घरी कोण नेईल?" आणि ती सगळ्या दरबाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "नाही! नाही म्हणणार!"

राजाने तलवार उगारली. पण राणीचे ते तिसरे 'नाही' सोनवीने ऐकले होते. ती काठावर चढली, दरबाराच्या दारातून आत शिरली, राजाच्या हातची तलवार, सिंहासन आणि मांत्रिक घेऊन बाहेर पडली. वाड्याला वळसा घालून ती उत्तरेला वाहू लागली.

राणी गुडघाभर पाण्यात उभी होती. सिंहासनावरून सुटलेला फुलांचा हार कोणीकडे वाहतो, ते तिने नीट पाहिले. मगच ती म्हणाली, "उत्तरवाहिनी."

"आई," इंद्रजय कळवळला, "तुझे केस गं!"

माणसे उठली, आपापल्या घरी गेली. चंद्रभंगासमोर बसायला कोणी उरले नाही. पुढे इंद्रजय राजा झाला.

त्या राज्यात आजही कोणी तो शब्द आधी उच्चारत नाही. कोणतीही नदी असो, घाटावर जातात, पाण्यात फूल सोडतात. फूल दक्षिणेला गेले तर दक्षिणवाहिनी म्हणतात, राजाच्या तोंडावर.