ओट्यांना फुटलेले दात

"भाकरीला आमची ना नाही. ना आहे ती ओट्यावर झोपायला," सुभानजी पाटील म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते.

समोर भिवरा पाथरवटीण उभी होती. एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हातोडी, दोन्ही हात खाली सोडलेले. तीही तिसऱ्यांदा तेच म्हणाली, "जात्याला टाकी लावते मी. माणसाच्या पाठीला लावत नाही."

खिंडीतून गाडीवाट झाली नव्हती, मीठ बैलांच्या पाठीवरून यायचं, तेव्हाची ही गोष्ट. गाव पांढरखिंड. हा तंटा सुरू झाला तेव्हा जोंधळा हुरड्याला आला होता आणि मिटला तेव्हा खळी लागली होती, असं म्हणतात. इतका लांबला तो. म्हणून आधी तंटा कशाचा होता ते नीट ऐका.

पांढरखिंडीची घरं काळ्या दगडाची आणि प्रत्येक घरापुढं ओटा. गुडघाभर उंच, एक माणूस पाय पसरून निजेल एवढा लांब. ओटा कशाला असतो? वाटसरूनं टेकावं, बाईनं डोक्यावरचं ओझं उतरवावं, म्हणून असतो. नुसतं घरच्यांनीच बसायचं असतं तर तो दाराच्या आत बांधला असता. एवढी साधी गोष्ट, पण गावं विसरतात.

विसरायला कारण घडलं. खिंडीपलीकडं दोन वर्षं पाऊस पडला नाही. तिकडची माणसं इकडं यायला लागली. कुणाचं घर गेलेलं, कुणाला घरानंच बाहेर काढलेलं, कुणाच्या पायाची जखम भरत नव्हती. आधी चार आली, मग नऊ, मग गावानं मोजणं सोडलं. दिवसा बाजारात हात पसरायची आणि दिवस मावळला की ओट्यांवर अंग टाकायची. त्यांच्यात सगुणा म्हणून एक म्हातारी होती. ती सुभानजी पाटलांच्या ओट्यावर निजायची आणि खोकायची. तिचं नाव सगुणा आहे हे फक्त भिवराला माहीत होतं, कारण विचारलं फक्त तिनंच.

गाव वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगते. भाकरी मिळायची, ताक मिळायचं, सणाला गोडही मिळायचं. पण भाकरी देणं वेगळं आणि सकाळी दार उघडल्यावर उंबऱ्याशी कुणाचे तरी भेगाळलेले पाय दिसणं वेगळं. लोक बोलायला लागले. धडधाकट आहेत, मग राबत का नाहीत. एकाला घातलं की दहा येतात. त्यातला लंगडा म्हणे खिंडीत सरळ चालतो. चालताना कुणी पाहिला होता? कुणीच नाही, पण ज्याला त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. मिठाचे व्यापारी नाकाला पदर, म्हणजे त्यांचा तो उपरण्याचा शेव, लावून जातात. लेकीसुनांनी दारात यायचं कसं. यातलं एखादं खरंही असेल. पण काम मागायला गेलेल्याला कुणी बांधावर उभं करत नव्हतं, हेही खरं होतं. त्याची चर्चा मात्र पारावर झाली नाही.

पारावर ठरलं ते असं. हाकलून द्यायचं नाही, पाप लागतं. ओट्यांना टाकी लावायची. दगडाला असे दात काढायचे की कुणाला अंग टाकता येणार नाही. घरच्यांना बसायचं असलं तर त्यांनी पाट ठेवून बसावं. म्हणजे माणसानं माणसाला हाकललं असं होत नाही. दगडानं हाकललं असं होतं, आणि दगडाला पाप लागत नाही. शहाणी माणसं एकत्र बसली की असं काहीतरी सुचतं त्यांना.

भिवराला बोलावलं ते त्या कामासाठी. तिचा नवरा खाणीत दगडाखाली गेला, तेव्हा त्याची हत्यारं तिनं उचलली. बाईनं हातोडी धरू नये, असं म्हणणारं गावच पुढं बोथट जाती घेऊन तिच्या दारात आलं. तिनं टाकी लावून दात काढलेलं जातं वर्षभर पुन्हा बघायला लागायचं नाही. तिची टाकी ज्या दगडाला लागली तो दगड तिला ओळखायचा, असं म्हणतात.

तिला नाही म्हणणं किती महाग होतं तेही ध्यानात घ्या. खाणीजवळची तिची झोपडी गावाच्या जागेत होती. पाटील शेवटी म्हणाले, "ओट्याला टाकी लावणार नसशील तर गावात छप्पर नाही तुला, भिवरे."

"मग मीपण येते तुमच्याच ओट्यावर निजायला," ती म्हणाली.

मागं कुणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोतवालानं झोपडीचं कूड मोडलं आणि तिच्या बारा टाक्या, दोन हातोड्या चावडीवर नेऊन ठेवल्या.

मग गावानं आपल्या हातानं काम केलं. ज्यानं त्यानं चावडीवरच्या त्याच टाक्या आळीपाळीनं घेऊन आपापल्या ओट्यापुढं बसायचं आणि ठोकायचं. कधी टाकी न धरलेले हात, बोटं ठेचली, पण दात निघाले. तीन दिवस गावात दुसरा आवाज नव्हता. चौथ्या दिवशी सगळे ओटे साळिंदरासारखे झाले. निजणारी माणसं निमूट उठली आणि ओढ्याकाठच्या चिंचेखाली गेली. मार्गशीर्षातला ओढा तो, तिथं दहिवर पडायचं. भिवरा त्यांच्याबरोबर गेली. गाव त्या दिवशी सुखानं झोपलं.

तो एकच दिवस.

पाचव्या दिवशी तांबडं फुटताना पाटलीण बयाबाई जात्यावर बसल्या. घास घातला, खुंटा फिरवला. जातं तेलावर फिरावं तसं फिरलं आणि कडेनं जोंधळा पडला. अख्खा. जसा घातला तसा. बयाबाईंनी पुन्हा घास घातला. पुन्हा अख्खा. त्यांनी आधी सुनेवर तोंड टाकलं, ती रीतच आहे. मग दोघींनी मिळून वरची तळी उचलली, तर दगड आरशासारखा गुळगुळीत. बयाबाईंना त्यात आपलं कुंकू दिसलं, असं म्हणतात.

शेजारणीला सांगायला त्या बाहेर आल्या, तर प्रत्येक दारात एकेक बाई उभी आणि प्रत्येकीच्या ओंजळीत अख्खं धान्य. गावातल्या एकाही जात्याला दात राहिला नव्हता. आठच दिवसांपूर्वी टाकी लावलेलं जातंसुद्धा तसंच.

गावाला दगडाचे दात मोजके मिळालेले असतात, असं म्हणतात. ते ओट्यांना दिले, म्हणून जात्यांचे गेले. काही जण म्हणतात, तसलं काही नव्हतं, जाती झिजायला आलीच होती आणि टाकी लावणारीला यांनी हाकललं. ज्याला जे पटेल त्यानं ते धरावं. पीठ पडत नव्हतं, एवढं दोन्ही सांगण्यांत सारखंच आहे.

पुरुषांनी चावडीवरच्या टाक्या पुन्हा घेतल्या आणि जात्यांवर मारून बघितल्या. खूण उमटायची आणि पाण्यावरची रेघ मिटावी तशी मिटायची. आठवडाभर गावानं घुगऱ्या खाल्ल्या. पोरांची पोटं दुखायला लागली. ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दात नव्हते ते उपाशीच राहिले. मग बायका उठल्या. सूप, टोपली, हाताला येईल ते घेऊन चाळीसजणी दोन कोसांवरच्या जांभळदऱ्याला पीठ मागायला गेल्या. पुढं बयाबाई.

जांभळदऱ्याच्या वेशीत त्या उभ्या राहिल्या. ऊन वर आलं तरी उभ्याच. तिथल्या बायकांनी दारातून बघितलं आणि आपसात बोलल्या, पण ऐकू जाईल असं. धडधाकट दिसतात की, दळायला हाताला काय झालं. परवा दोघी आल्या होत्या, आज चाळीस, उद्या शंभर येतील. एक म्हणाली, पुढं उभी आहे तिच्या नाकात नथ बघा, आणि मागायला आली. बयाबाईंनी पदर पुढं ओढला. जांभळदरा काही वाईट गाव नव्हतं. दुपार कलल्यावर मूठमूठ पीठ सगळ्यांना मिळालं.

ते टोपलीत घेऊन बयाबाई दोन कोस चालत आपल्या दारात आल्या. ओझं उतरवून टेकावं म्हणून सवयीनं ओट्याकडं वळल्या आणि थांबल्या. घरात पाट होता. सून म्हणाली, आणते. बयाबाई नको म्हणाल्या. पिठाची टोपली डोक्यावर तशीच घेऊन त्या ओढ्याकडं गेल्या आणि चिंचेखाली सगुणाच्या गोणपाटावर बसल्या. सगुणा थोडी सरकली. दोघी काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही. त्या पिठाची पहिली भाकरी तिथं भाजली गेली, एवढं माहीत आहे.

पाटलीण चिंचेखाली बसली म्हटल्यावर पाटलांना दुसरं काही करता येईना. त्यांनी भिवराला निरोप धाडला. ती आली, आणि तिच्या मागं चिंचेखालचे सगळे आले. पाटलांच्या ओट्यापुढं गाव गोळा झालं. पाटलांनी तिच्या बारा टाक्या, दोन हातोड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. झोपडी बांधून देतो म्हणाले, वर्षाचं धान्य देतो म्हणाले, तेवढी आमच्या जात्यांना टाकी लाव. सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. मागणाऱ्याचा येतो तसा.

त्यावर भिवरा एकच वाक्य बोलली आणि तंटा मिटला. ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आमच्या गावात ते शेवटीच सांगतात.

ते ऐकून पाटलांनी ओट्याकडं बघितलं. सुनेनं पाट आणला, तो त्यांनी हातानं बाजूला केला. आणि ते बसले. त्या दातांवर, उघड्या दगडावर बसले. मग गावातला एकेक जण आपापल्या ओट्यावर जाऊन बसला. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. उठताना पुष्कळांची धोतरं फाटली होती.

दुसऱ्या दिवसापासून वाळू आणि पाणी घेऊन ओटे घासायला सुरुवात झाली. भिवरानं घासायची रीत दाखवली आणि चिंचेखालच्या माणसांना कामावर घ्यायला लावलं. लंगड्याएवढं काम कुणी केलं नाही, तो बसूनच सरकत जायचा. ओट्याचा एक दात झिजला की त्या घरच्या जात्यात एक दात उगवायचा, असं म्हणतात. एकवीस दिवस लागले. बाविसाव्या दिवशी गावभर पीठ पडलं.

सगुणा तेवढी थांबली नाही. चिंचेखालच्या थंडीनं तिची छाती धरली होती. पाटलांचा ओटा सगळ्यांत आधी गुळगुळीत झाला, त्यावर उन्हात, बयाबाईंच्या वाकळेखाली ती गेली. हे न सांगता गोष्ट गोड करणारे मला भेटले आहेत. मी त्यांना सांगू देत नाही.

भिवरा पुष्कळ जगली. ती मेलेली कुणी पाहिली नाही. एका दुपारी टाक्यांची पिशवी खांद्याला लावून ती खिंडीकडं गेली ती गेलीच. खिंडीच्या माथ्यावर आज एक दगड आहे, गुडघाभर उंच, एक माणूस पाय पसरून निजेल एवढा लांब. तो कुणी घडवला याची आठवण नाही. ऐन थंडीत तो कोमट असतो, असं म्हणतात. मी त्यावर बसले आहे. मला कोमट लागला.

पांढरखिंडीत अजून घराआधी ओटा बांधतात आणि वाटेनं जाणारा पहिला माणूस, मग तो कुणी का असेना, त्यावर बसल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. मार्गशीर्ष लागला की बायका ओटे धुतात, त्यावरून हात फिरवतात आणि कुठं खुपलं तर वाळूनं घासतात. त्याला भिवराचा हात म्हणतात. दोन वर्षांमागं पिठाच्या गिरणीवाल्यानं भिकारी टेकतात म्हणून पायरीवर लोखंडी खिळे बसवले. त्याच्याशी कुणी भांडलं नाही. नुसतं त्याच्याकडं दळण जायचं थांबलं. चौथ्या दिवशी त्यानं स्वतः खिळे उपटले आणि पायरीवर पाण्याचा माठ ठेवला.

आणि आमच्याकडं उभ्याला कुणी काही देत नाही. भाकरी मागणाऱ्याला नाही, मत मागायला आलेल्यालाही नाही, मुलगी मागायला आलेल्यालाही नाही. आधी ओटा दाखवतात. येणाऱ्याला वाटतं, ही इथली बोलायची तऱ्हा आहे. तऱ्हा नाही ती. सगळं गाव उभं होतं, पाटील उभे होते, जात्यांचं मागणं मागून झालं होतं, तेव्हा भिवरानं टाकी उचलली, तिचं टोक त्या दातेरी ओट्याकडं केलं आणि म्हणाली,

"मागायचंय न्हवं, पाटील? मग आधी बसा."