पाणवठ्यावरची मर्यादा

मुलांनो, एका रानात पाणवठ्याकाठच्या कुरणावर एक हरिणी आपल्या लहानग्या पाडसासह राहत असे. स्वभावाने ती पहिल्यापासून घाबरट. पान हलले तरी तिच्या काळजात धस्स होई. म्हणून पाडसाला पाजायचे असले की ती कुरणाच्या मधोमध, चारी दिशा दिसतील अशा जागी उभी राही. पाडस ढुशा देत दूध पिई आणि ती मान वर करून भोवताली पाहत राही. काठावरच्या उंच जांभळीच्या शेंड्यावर एक वानर बसे. बिबट्या दिसला की ‘खॅक्, खॅक्’ ओरडून सगळ्यांना सावध करायचे, हे त्याचे काम. त्याच्या भरवशावर सारे रान निर्धास्त पाणी पीत असे.

एके दिवशी रानाच्या सभेत वानर उठून म्हणाला, “ही हरिणी भर कुरणात, सगळ्यांदेखत पाडसाला पाजते. पाण्यावर लहानथोर सगळेच येतात. जनाची नाही, तर मनाची तरी असावी!” आजवर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नव्हती, पण आता सगळ्यांनाच ती एकाएकी फार खटकू लागली. चिखलात चारी पाय वर करून लोळणाऱ्या रानडुकरालासुद्धा ती असभ्य वाटली!

रानाचा मुख्य होता एक सांबर. मनाने वाईट नव्हता बिचारा, पण चारचौघांत नाव राखण्याची त्याला भारी काळजी. हरिणी त्याला म्हणाली, “दादा, काल जे चालत होतं, ते आज असभ्य कसं झालं?”

“कोणाला तरी खटकलं, म्हणजे त्यात काहीतरी असणारच,” सांबर म्हणाला. “उगाच वाद नको. यापुढे सगळ्या आयांनी करवंदीच्या जाळीत जाऊन पिल्लांना पाजावं. माझ्या घरीही नवं पिल्लू आहे, आमची सांबरीणही तिथेच जाईल. उघड्यावर पाजणारीला पाणवठा बंद!”

उन्हाळ्याचे दिवस होते. दुसरे पाणी पार डोंगरापलीकडे. तेवढे चालण्याचे पाडसाच्या पायांत बळ नव्हते, आणि पाण्यावाचून ते जगलेही नसते. हरिणी मान खाली घालून निघून गेली. नियम पाळला जातो की नाही, हे पाहायचे काम वानराकडेच आले. शेंड्यावरून त्याला कुरण नीट दिसेना, म्हणून तो अगदी खालच्या फांदीवर येऊन बसू लागला. दुसऱ्याचे पाहावे वाकून म्हणतात ना, तसे!

हरिणी पाडसाला घेऊन जाळीत जाऊ लागली खरी, पण काट्यापानांपलीकडचे तिला काहीच दिसेना. इथे आपल्याला कोणी पाहत नाही, म्हणजे बिबट्या आला तरी कोणी पाहणार नाही, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत राही. भीतीने तिला पान्हाच फुटेना. पाडस ढुशा देऊन देऊन थकून जाई आणि उपाशीच झोपे. बघता बघता त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आईचा जीव टांगणीला लागला.

एका दुपारी पाडस खाली बसले ते उठेचना. हरिणीने त्याला नाकाने ढकलून कसेबसे उभे केले आणि सरळ कुरणाच्या मधोमध आणले. मोकळ्या जागी येताच पान्हा दाटून आला आणि पाडस अधाशासारखे पिऊ लागले. वानराचे डोळे चमकले. आता चार जण जमले की हिला पकडून देतो, असे म्हणत तो फांदीवरून वाकून टक लावून पाहू लागला.

वारा पडला होता, तरी जांभळीखालचे गवत हलले. हरिणीने पाहिले तो वानराच्या अगदी खालून एक बिबट्या दबकत करवंदीच्या जाळीकडे चालला होता. जाळीत सांबरीण पिल्लाला पाजत होती. आपण गुपचूप निघून जावे, असे हरिणीच्या मनात आले. ओरडलो तर सगळे इकडेच पाहतील, पाणवठा जाईल आणि पाडसही जाईल. पण जाळीतही एक पिल्लूच होते. तिने खूर आपटला आणि जीव खाऊन ओरडली.

सांबरीण पिल्लाला घेऊन जाळीतून उसळून बाहेर पडली. बिबट्याचा पंजा पिल्लाच्या पाठीला ओरखडून गेला, पण जीव वाचला. सगळ्यांनी पाहिल्यावर बिबट्याही खाली मान घालून झाडीत नाहीसा झाला.

सारे धावत जमले. वानर मोठ्याने म्हणाला, “पाहिलंत? भर कुरणात पाजत होती! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!”

सांबरिणीची धाप अजून ओसरली नव्हती. ती म्हणाली, “बिबट्या तुझ्या झाडाखालून गेला, तो नाही रे दिसला तुला?”

एवढ्यात भेदरलेले पिल्लू आईच्या पोटाशी लुचू लागले. सांबरिणीने एकदा जाळीकडे पाहिले, एकदा सांबराकडे, आणि सगळ्यांदेखत तिथेच पिल्लाला पाजू लागली. आता मुख्य काय करणार म्हणून सगळे सांबराकडे पाहू लागले. सांबराने पिल्लाच्या पाठीवरचे रक्त पाहिले. मग तो दोन्ही आयांकडे पाठ करून, जाळीकडे तोंड करून पहाऱ्याला उभा राहिला. एकेक करत बाकीचेही तसेच उभे राहिले. रानडुक्करही. वानराला मात्र कुठे पाहावे ते कळेना.

तात्पर्य : मर्यादा आधी पाहणाऱ्याच्या नजरेत असावी, आईला आणि लेकराला संकटात ढकलणारा नियम सभ्यतेचा नव्हे.