घड्याळ चढेना, पालुकली झोपेना

एक होतं घड्याळ. गोल गोल, मोठ्ठं. ते होतं कुमुदआत्याच्या बाहेरच्या खोलीत. भिंतीवर. आणि घड्याळाच्या मागे कोण होतं, माहितीये? कान इकडे करा. घड्याळाच्या मागे होती पालुकली!

पालुकली म्हणजे पालीचं पिल्लू. तुमच्या करंगळीएवढं. रात्री ती डास खायची, गट्टम गट्टम. सकाळ झाली की घड्याळामागे शिरायची, सुळुक सुळुक. तिथे ऊब. तिथे अंधार. घड्याळ करायचं टिक टिक, टिक टिक. की झोपलीच पालुकली!

आणि कुमुदआत्या? तिला सगळेच आत्या म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, दूधवालासुद्धा म्हणायचा. आत्याचं घरावर भारी प्रेम. आज सोफा इकडे. उद्या सोफा तिकडे. उशांना नवे अभ्रे. कुंड्यांना नवा गेरू. आणि पावसाळा संपला, भिंतीचे पोपडे पडले, की घराला रंग. ठरलेलंच!

आत्या पालीला घाबरायची. पालुकली आत्याला घाबरायची. दोघींचं छान जमलं होतं. समोरासमोर यायचंच नाही!

एके दिवशी सकाळी पालुकली आली. सुळुक सुळुक. बघते तर काय! घड्याळ नाही! भिंतीवर नुसता गोल डाग!

घरात ही धांदल! सोफ्यावर चादर. जमिनीवर वर्तमानपत्रं. कपाट दाराला आडवं. खर्र खर्र! धबाक! टण टण! पालुकलीच्या झोपेचं झालं खोबरं.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोपऱ्यात घड्याळ! जमिनीवर, कागदात गुंडाळलेलं.

पालुकली म्हणाली, "घड्याळआजोबा, घड्याळआजोबा, भिंतीवर चढा ना हो!
मी झोपू कुठे?"

घड्याळ म्हणालं, "मी नाही चढत जा!"

"का हो, का?"

"खिळा बसेना, मी चढू कसा?"

आता काय करायचं? खिळ्याकडे जायचं!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. खिळा होता डबीत. पाय वर करून पडला होता.

पालुकली म्हणाली, "खिळोबा, खिळोबा, भिंतीत बसा ना हो!
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

खिळा म्हणाला, "मी नाही बसत जा!"

"का हो, का?"

"रंग लागेना, मी बसू कसा? आत्ताच बसलो तर डोकं रंगेल ना माझं!"

खरंच की. चला, रंगाकडे!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. रंगाचं काम दगडूमामांचं. मामा उंच घोड्यावर बसले होते. टगडक टगडक घोडा नव्हे हं! लाकडी घोडा, रंगाऱ्यांचा. डब्यात रंग होता फिक्कट पिवळा. ब्रश होता हातात. पण मामा काय करत होते? काही नाही. पाय हलवत होते.

पालुकली म्हणाली, "दगडूमामा, दगडूमामा, रंग लावा ना हो!
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

मामा म्हणाले, "मी नाही लावत जा!"

"का हो, का?"

"लांबी वाळेना, मी लावू कसा? ओल्यावर रंग मारला की सुटलाच म्हणून समज. घोडं तिथंच अडलंय, बाई!"

लांबी म्हणजे काय, ठाऊक आहे? भिंतीला खड्डे पडतात ना? त्यात भरायचा पांढरा पांढरा लगदा. तीच लांबी. चला, लांबीकडे!

सुळुक सुळुक, सुळुक... पचक्! पालुकलीचा पाय लांबीतच गेला!

पाय झटकत पालुकली म्हणाली, "लांबीबाई, लांबीबाई, वाळा ना हो!
रंग लागेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

लांबी म्हणाली, "मी नाही वाळत जा!"

"का हो, का?"

"वारा शिरेना, मी वाळू कशी?"

वारा कुठे असतो? बाहेर! कपाटाच्या मागून, दाराच्या फटीतून, पालुकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. अंगणात पेरूचं झाड. झाडात वारा. नुसता हुंदडत होता. सूं सूं! सळ सळ!

पालुकली म्हणाली, "वारेबुवा, वारेबुवा, घरात शिरा ना हो!
लांबी वाळेना,
रंग लागेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

वारा म्हणाला, "मी नाही शिरत जा!"

"का हो, का?"

"दाराला कपाट आडवं. खिडकी उघडेना, मी शिरू कसा?"

आता मात्र पालुकलीला मोठ्ठी जांभई आली. आऽऽऽ! पण थांबते कसली! पेरूवरून भिंतीवर. भिंतीवरून खिडकीवर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. खिडकी कशी दिसत होती! तपकिरी, चकचकीत, नवी कोरी.

पालुकली म्हणाली, "खिडकीमावशी, खिडकीमावशी, उघड ना गं!
वारा शिरेना,
लांबी वाळेना,
रंग लागेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

खिडकी म्हणाली, "मी नाही उघडत जा!"

"का गं, का?"

"काल मामांनी मला रंग दिला. रंग ओला होता. आणि आत्याने काय केलं? लावूनच टाकली मला! म्हणे, बंद केल्यावर कशी दिसते ते बघू या. दिसले छान, पण बसले चिकटून! मामांनी ढकललं, मी हलले नाही. आता आत्याचाच दणका हवा. आत्या उठेना, मी उघडू कशी?"

अगं बाई! आत्याकडे जायचं? आत्याकडे? पालुकली दोन पावलं मागे सरकली. पण झोप तर हवी ना? चला!

दाराच्या फटीतून आत. कपाटाखालून पुढे. सुळुक... थांबली. सुळुक... थांबली. सोफ्यावर आत्या बसली होती. मांडीवर तीन कापडं. पडद्याची! एक डाळिंबी. एक पोपटी. एक मोरपंखी. आत्याची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. "डाळिंबी? छे, पोपटी! छे, मोरपंखी! छे, डाळिंबी!" सकाळपासून हेच चाललं होतं. चहा निवला होता. वर साय धरली होती.

पालुकली सोफ्याच्या पायाआडून म्हणाली, "आत्या, आत्या, ऊठ ना गं!
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
लांबी वाळेना,
रंग लागेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

आत्याने वर पाहिलंच नाही. कापडंच बघत म्हणाली, "मी नाही उठत जा!"

"का गं, का?"

"पडदा ठरेना, मी उठू कशी? पडदा ठरल्याशिवाय मी इथून उठायची नाही. म्हणजे नाही! आणि कोण गं तू, एवढुशा आवाजाची?"

पालुकली पायाआड आणखी दडली. कोण म्हणून सांगायचं? सांगितलं तर पळापळ!

मग ती हळूच वर चढली. सोफ्याच्या पायावरून. चादरीवरून. थेट कापडांवर!

पालुकली म्हणाली, "कापडांनो, कापडांनो, ठरा ना गं!
पडदा ठरेना,
आत्या उठेना,
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
लांबी वाळेना,
रंग लागेना,
खिळा बसेना,
घड्याळ चढेना,
मी झोपू कुठे?"

कापडं काही बोलेनात. घड्याळ बोललं, खिळा बोलला, कापडं मात्र मुकाट!

दमली हो पालुकली. डाळिंबी कापडावर बसली. टोचलं! पोपटीवर बसली. घसरली! मोरपंखीवर बसली. अहाहा! मऊ मऊ. पालुकलीने चारी पाय पसरले. डोळे मिटू लागले.

आणि आत्याने पाहिलं!

"अगंबाईगं! पाऽऽऽल!"

आत्या टुण्णकन उडाली! चहा सांडला, फस्स! मामांच्या हातातला ब्रश पडला, टप्प! पालुकली जागच्या जागी थिजली. शेपूट सुटता सुटता राहिली.

आत्या ओरडणार होती, "मामा, झाडू आणा!" तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

कापड होतं मोरपंखी. वर पालुकली, फिक्कट पिवळी. अगदी डब्यातल्या रंगासारखी पिवळी!

"मामा!" आत्या ओरडली. "बघा, बघा! पिवळ्याला मोरपंखी किती शोभतंय! भिंत पिवळी, पडदा मोरपंखी! ठरलं! ठरलं! ठरलं!"

मग काय विचारता!
पडदा ठरला!
आत्या उठली! पदर खोचून खिडकीकडे गेली. एक दोन तीन, धाडकन दणका!
खिडकी उघडली! कर्र कर्र फटाक!
वारा शिरला! सूं सूं, सळ सळ! वर्तमानपत्रं उडाली फर्र फर्र!
लांबी वाळली! खडखडीत वाळली!
रंग लागला! एक हात मारला, सप सप सप. वाळू दिला. दुसरा हात मारला, सप सप सप. तोही वाळला. मामा आता कसले थांबतात!
खिळा बसला! टण टण टण!
घड्याळ चढलं! टिक टिक, टिक टिक!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, पालुकली धावत आली. घड्याळापाशी आली. इकडून शिरायला गेली. शिरता येईना! तिकडून शिरायला गेली. शिरता येईना!

झालं काय? आधी भिंतीला खड्डा होता. पालुकली त्या खड्ड्यातून आत जायची. आता भिंत झाली गुळगुळीत. घड्याळ बसलं चप्प. फटच नाही!

मामा तर घोडा उचलून निघालेसुद्धा.

पालुकलीला रडू आलं. खरंखुरं रडू. एवढी धावली, एवढी वणवणली, आणि घराचं दारच बंद! ती अगदी हळू म्हणाली, "चुक... चुक... मी झोपू कुठे?"

आत्या कमरेवर हात ठेवून भिंत न्याहाळत होती. तिला तो आवाज ऐकू आला. एवढुसा आवाज! तिने वर पाहिलं. घड्याळाशेजारी पालुकली. आत्याच्या अंगावर आला काटा. तिने डोळे गच्च मिटले. मग एक डोळा उघडला. पालुकली तिथेच. केविलवाणी.

"मामा, थांबा हो!" आत्या म्हणाली. "तेवढा खिळा जरा बाहेर ओढा. घड्याळ भिंतीला चिकटवू नका. बोटभर जागा ठेवा मागे."

"बोटभर?" मामा म्हणाले. "अहो आत्या, घड्याळ पुढं आलेलं बरं दिसायचं नाही. एवढी झ्याक भिंत केली!"

"न दिसू दे," आत्या म्हणाली. "घरात कुणाला तरी झोपायचंय."

मामांनी खिळा ओढला. कुईं कुईं! घड्याळ आलं पुढे. बोटभर.

आणि पालुकली? आधी डोकं आत. मग पोट आत. मग एक पाय, दुसरा पाय, तिसरा पाय, चौथा पाय. मग शेपूट. सुळ्ळुक!

आत्या म्हणाली, "श्शू! मामा, हळू बोला."

नवं घर आत्याला,
जुनं घर पालुकलीला,
आणि गोष्ट कुणाला?
जो ऐकेल, त्याला!