पंगतीचं दुसरं टोक

पूर्वी वेणुवती नगरीवर विजयपाल राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या नगरशेठाच्या घरी जन्माला आले होते. नाव धमिल. घरात कशाला तोटा नव्हता, पोटही चांगलं सुटलं होतं. बोधिसत्त्व झाले म्हणून काय, तूप कुणाला आवडत नाही!

राज्य भरभराटीला आलं होतं. दर सुगीला राजा सगळ्या नगराला जेवण घालायचा आणि दर सुगीला कढया आणखी मोठ्या व्हायच्या. रीत अशी, की वाढायला सुरुवात नगरशेठाच्या पानापासून. वाढपी आग्रहाला भारी. "शेठ, एक लाडू तरी! माझी शपथ!" असं करत पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा खीर यायची. शेवटाला घोडशाळेजवळ सुपं विणणारे नि विटा वाहणारे बसायचे. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो भांडं खरवडल्याचा आवाज.

एका वर्षी तिथं एक बाळंतीण भोवळ येऊन पडली. राजा चक्रावला. "एवढ्या मोठ्या कढया, तरी ही माणसं उपाशी कशी?"

एक पंडित ढेकर देत म्हणाला, "महाराज, त्यांचं वळणच तसं. आईबाप उपाशी राहतात, पोरं तेच शिकतात."

दुसरा म्हणाला, "पुढच्यांच्या खांद्यावर राज्य आहे. त्यांना जास्त नको?"

तिसऱ्यानं बोटं चाटली. "कढई अजून मोठी करा. आपोआप पोचेल."

धमिलशेठला हे पटलंही असतं. पण तो बाळंतिणीला बघायला गेला, तिथं सुपं विणणारी सोमाई म्हातारी तिला वारा घालत होती.

"या शेठ, फार लांबून आलात! खीरपण याच वाटेनं निघाली होती म्हणे. तुम्हांला कुठं भेटली का?"

शेठचा हात आपोआप पोटावर गेला.

पुढच्या सुगीला धमिलशेठ आला, त्यानं आपलं पान उचललं आणि सरळ जाऊन सोमाईशेजारी मांडी घातली. वाढप्यांची पंचाईत झाली. शेठचं पान तर पहिलं! कढया घेऊन ते घोडशाळेकडे धावले.

"सोमाईला आग्रह करा," शेठ म्हणाला.

"करा की, मी कुठं नाही म्हणतेय!"

त्या दिवशी खरवडल्याचा आवाज पंडितांनी ऐकला. सोमाई तिथूनच ओरडली, "पंडितजी, वळण बदला हो!"

राजा लाल झाला. "धमिल, ऊठ! आपल्या जागी बस. नाहीतर नगरशेठपण गेलं, जकातीच्या हक्कासकट."

धमिलला घाम फुटला. बापजाद्यांपासूनचा मान होता तो. पण तो उठला नाही. "घ्या, महाराज. मी आता याच टोकाचा. पंगतीची रीत बदलेपर्यंत इथून हलणार नाही."

"आम्हीपण नाही," सोमाई म्हणाली. पोटभर जेवलेली माणसं, ती कशाला हलतात!

दुसऱ्या दिवशी गोदामात सूप नाही, बांधकामावर वीट नाही. तिसऱ्या दिवशी राजा स्वतः पळी घेऊन आला. ठरलं, की वाढायला सुरुवात घोडशाळेपासून आणि सगळ्यांची पानं भरेपर्यंत आग्रह बंद.

नगरशेठपण काही परत मिळालं नाही. धमिलनं मागितलंही नाही.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आपला भिक्खू आनंद. सोमाई म्हणजे आपली ज्येष्ठ भिक्खुणी, थेरी उत्पलवर्णा. धमिल मीच."

"आणि ते पंडित?" भिक्खूंनी विचारलं.

"ते अजून जेवतायत."

याला अधिष्ठान पारमिता म्हणतात. म्हणजे एकदा बरोबर जागी बसलं, की कुणी उठवलं तरी उठायचं नाही.