साठ चुलींचा धूर

वेळ सकाळची, सूर्य उगवून दोन घटका झालेल्या. जागा, एका राज्याच्या सरहद्दीवरची टेकडी. काळ इतका जुना की त्या राज्याचं नाव आज कुणाला सांगता येत नाही. टेकडीवर राजाचा एक सरदार उभा होता आणि खालच्या गावातला धूर मोजत होता.

राजाचं शेजारच्या पूर्वेकडच्या राजाशी सात वर्षं युद्ध चाललं होतं. कारण एक डोंगर. त्या डोंगरावर गवतसुद्धा उगवत नव्हतं. सैन्य कमी पडायला लागलं तेव्हा दवंडी पिटली गेली: दर चुलीमागे एक तरुण लढाईवर द्यावा. घरोघर हिंडायचा त्रास नको म्हणून सरदारांनी एक सोपी रीत काढली. स्वयंपाकाच्या वेळी उंचावर उभं राहायचं, जितके धूर तितकी माणसं मागायची. आकडा लगेच घोडेस्वाराकरवी राजधानीला पाठवायचा.

या नियमाला एक पोटनियम होता. ज्या गावात अर्ध्याहून जास्त चुली थंड असतील, ते गाव उजाड समजायचं आणि त्याला माणसं माफ करायची. हा पोटनियम दवंडीत सांगितला नव्हता. तो का सांगितला नाही, हे राजाच्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारून पाहा.

सरदाराने साठ धूर मोजले. घोडेस्वार साठचा आकडा घेऊन दौडत गेला. मग सरदार खाली उतरला.

गावात साठ घरं होती खरी. पण पंधरा दिवसांपूर्वीच गावातले साठही तरुण बायकापोरांसकट उत्तरेची खिंड ओलांडून शेजारच्या देशात निघून गेले होते. कुणाचा भाऊ त्या डोंगरावर मेला होता, कुणाचा मेहुणा. जाणाऱ्यांना भित्रे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यातला एकही त्या डोंगरावर गेलेला नव्हता.

चाळीस घरं अगदी रिकामी झाली. उरलेल्या वीस घरांत म्हातारी जोडपी राहिली, कारण खिंडीची चढण त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

आता त्या गावाची एक रीत होती. घरातली माणसं परगावी गेली तर शेजाऱ्याने त्यांची चूल दोन्ही वेळ पेटवायची. चूल थंड पडली तर गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत. गिरजाई नावाच्या म्हातारीने ही कामगिरी अंगावर घेतली. तिचा मुलगा सुभाना गेलेल्यांत होता. तिने वीसही घरांना दोन-दोन रिकाम्या घरांच्या चुली वाटून दिल्या.

"अगं, रिकाम्या घरात धूर कशाला?" तिचा नवरा भिवाजी तिला चिडवायचा. "उंदरांना भाकऱ्या भाजतेस व्हय?"

"तुमचं तोंड आधी भरते, मग उंदरांचं," ती म्हणायची, आणि खापरीत निखारे घेऊन पुढच्या घरात जायची.

सरदार गावात आला तेव्हा त्याला चाळीस तापलेल्या चुली सापडल्या. त्यांच्यापाशी माणूस नव्हता.

"तरुण कुठं आहेत?" त्याने विचारलं.

गिरजाई पुढे झाली. "खिंडीपल्याड गेले, सरकार. चुली आम्ही पेटवल्या. चूक झाली असंल तर माझी."

"चूकच केलीस, म्हातारे. चुली थंड असत्या तर मी टेकडीवरूनच माघारी फिरलो असतो."

"मग आता फिरा की. आता तर ठावं झालं तुम्हाला."

"साठचा आकडा गेला. गेलेला आकडा मी परत बोलावला, तर राजा माझं डोकं बोलावील."

त्याने पाटलाकडून साठ घरांतल्या तरुणांची नावं घेतली आणि यादीत उतरवली. मग त्यातल्या वीस नावांवर गावात होते ते वीस म्हातारे उभे केले; उरलेली चाळीस नावं नुसती कागदावर गेली. भिवाजी सुभानाच्या नावावर उभा राहिला.

"सरकार, त्यांना सांज झाली की दिसत न्हाई," गिरजाई हात जोडून म्हणाली.

"लढाई दिवसा असते," सरदार म्हणाला.

भिवाजी हसला. "जाऊ दे, गिरजे. पोराचं नाव लागलंय मला. म्हातारपणी तरणा झालो की नाय?" आणि तो रांगेत चालू लागला.

अशी यादी एकाच गावची नव्हती. राजा कागदावरचे दहा हजार घेऊन निघाला आणि रणावर त्याला दीड हजार दिसले, त्यात निम्मे दम लागलेले. दुपारपर्यंत लढाई संपली. डोंगर गेला, तह झाला. राजा वाचला, सरदारही वाचला. वीस म्हाताऱ्यांतला एकही परतला नाही.

सरकारी कागदाप्रमाणे साठही तरुण लढाईत मेले होते, कुणी पळालंच नव्हतं, म्हणून पळालेल्यांना कुणी शोधलंही नाही. चार महिन्यांनी तरुण परत आले. सुभाना दारात उभा राहिला. चुलीवर तवा होता.

"आये, आबा कुठं?"

"तुझ्या जागी," गिरजाई म्हणाली. तिने तव्यावर भाकरी टाकली. बाकीचं शेजाऱ्यांनी सांगितलं.

सुभाना राजधानीला गेला. लढाईत मेलेल्यांसाठी तिथे उभारलेल्या दगडावर बापाचं नाव कोरावं, एवढंच त्याला हवं होतं. कारकुनाने यादी उघडली.

"भिवाजी नावाचा कुणी लढाईत नव्हता. सुभाना म्हणून एकजण होता, पंचवीस वर्षांचा. मेला."

"सुभाना मीच आहे."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "मग तू पळालेला. पळालेल्याला फाशी आहे. नीट विचार कर आणि सांग, तू मेलेला की पळालेला?"

सुभानाने दाराकडे पाहिलं. बाहेर शिपाई उभे होते, घरी आई एकटी होती.

"मेलेला," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या नावावर जो मेला, त्याला सांज झाल्यावर दिसत नव्हतं. एवढं तरी लिहा."

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला आणि त्याने यादी मिटली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: खोटा आकडा रिकामा राहत नाही, तो कुणाच्या तरी जिवाने भरला जातो.

त्या दगडावर या गावच्या साठ तरुणांची नावं आहेत. ती कोरली त्या दिवशी साठही जण जिवंत होते. वीस म्हाताऱ्यांना कुठे पुरलं, हे सरदाराने सांगितलं नाही, राजाने विचारलं नाही.