गोठ्यामागचा वाघदेव

फार मागची गोष्ट, लहानथोरांनो. एक गाव आणि रान यांच्या मध्ये फक्त एक ओढा होता. ओढ्यापलीकडे वाघदेवाचा दगड होता. वर्षातून एकदा, वाघबारशीला, गावाची भगतीण तिथे कोंबडा ठेवायची आणि मागे वळून न पाहता परत यायची.

भगतीण थकली, मान सुनेकडे आला. सून हुशार, पण तोंडाची फटकळ. पहिल्याच खेपेला पायातले काटे काढत ती पारावरच्या मंडळींना म्हणाली, "देवाला काय ओढा ओलांडता येत नाही? जरा अलीकडे आणू की त्याला!"

मंडळी हसली. "आण बाई! तुझे पाय, तुझा देव."

दगड आधी अलीकडच्या काठावर आला. पुढच्या वर्षी आमराईत. तिसऱ्या वर्षी थेट सुनेच्या गोठ्यामागे. आता चालायचे कष्टच नव्हते, म्हणून कोंबडा दर अमावास्येला ठेवला जाऊ लागला. सकाळी ओल्या मातीत बिबट्याची पावलं उमटलेली असत. बायका त्यांना हळदकुंकू वाहत. "देव स्वतः जेवून गेला गं!"

सासू तेवढी कपाळावर हात मारायची. "अगं, हे देवाचं पाऊल नव्हे, जनावराचं. त्याला घराची वाट दावू नकोस."

"आत्याबाई, तुम्ही आता मांजरालाही भ्याल!"

एके दुपारी सून ओसरीवर डाळ पाखडत होती. अंगणात तिची तीन वर्षांची लेक भाकरी खात होती. एक घास स्वतःला, एक कोतवालाला. कोतवाल म्हणजे त्यांचा कुत्रा.

गोठ्यामागून बिबट्या आला. दबकत नाही, नेहमीच्या पाहुण्यासारखा चालत आला. त्याने दगड हुंगला. दगडापुढे काही नव्हतं. मग त्याने पोरीकडे पाहिलं.

सुनेच्या हातातलं सूप पडलं. ती उठायच्या आत कोतवाल मध्ये धावला, एकदाच भुंकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत कुंपणावरून पिवळी झेप गेली. पोर तशीच बसून होती, घास धरलेला हात पुढे केलेला.

"आई, कोतवाल कुठं गेला?"

गाव कुऱ्हाडी घेऊन धावलं. "मारा त्याला! माजलाय!"

सून म्हणाली, "तो नाही माजला. त्याला पानावर मीच बसवलं. आज वाढलं नाही, तर त्यानं हातानं घेतलं."

त्याच दिवशी दगड ओढ्यापलीकडे गेला. बिबट्या गेला नाही. त्याच्या पोटाला वाट पाठ झाली होती. वर्षभरात आठ शेळ्या गेल्या, तीन कुत्री गेली, पाण्याला निघालेल्या एका बाईचा खांदा फाटला. त्या गावची पोरं भर उन्हात कडी लावलेल्या दाराआड वाढली, आणि सून दाराच्या फटीतून रिकामं अंगण बघत राहिली.

म्हणून ध्यानात ठेवा: रानच्या जनावराला दाराशी जेवू घालणारा आपल्याच लेकरांचं अंगण हिरावून घेतो.