पालथं पातेलं

पुण्याचे अष्टपुत्रे साहेब नागपुरात येऊन तीन दिवस चांगला नाश्ता शोधत फिरले. फिरले म्हणजे काय, दहाला उठायचे, साडेअकराला बाहेर पडायचे आणि बारा वाजता गावाला नावं ठेवायचे. अशा माणसाला नाश्ता सापडत नाही, तक्रार तेवढी सापडते.

चौथ्या दिवशी दुपारी ते झिबलच्या ऑटोत बसले.

"तुमच्या गावात कुणाला पोहे करता येत नाहीत. एक तरी चांगलं ठिकाण दाखव, नाहीतर ही मिशी उतरव!"

झिबलची मिशी म्हणजे मोहल्ल्याची शान. घरातलं निम्मं तेल तीच प्यायची. तरी तो म्हणाला, "अन् दाखवलं, तं तुमी भर चौकात कान धरा!"

"धरीन!"

झिबलनं ऑटो थेट गिरजाबाईच्या पोह्यांच्या टपरीपुढे उभा केला. टपरी बंद. बाहेर घासलेलं भलंमोठं पातेलं उन्हात पालथं पडलेलं.

साहेब खदखदून हसले. "बंद टपरी दाखवतोस? बोलाव न्हावी!"

"थांबा नं साहेब. तीन दिवस तुमाले बारा वाजता पोहे कुठं भेटले?"

"जिथे उरले होते तिथे."

"म्हंजे अख्ख्या गावानं सोडलेले पोहे तुमी शोधू शोधू खाल्ले! गिरजाबाईचं पातेलं तं सकाळी आठलेच रिकामं होऊन पालथं होते."

साहेबांनी भर चौकात कान धरले.

पाचव्या दिवशी सकाळी सहालाच ते रांगेत, डोळे अर्धे मिटलेले. गिरजाबाईनं विचारलं, "भाऊ, पोह्यावर झणझणीत तर्री टाकू काय?" तर साहेबांनी झोपेतच पुन्हा कान धरले म्हणे.

खोटं वाटत असेल तर झिबलची मिशी उतरवा, माझी नको.